खान्देशात चार्जिंग स्टेशन टाकताय? रस्ता नंतर, आधी डीपी बघा

इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा हायवेला लागून असलेला प्लॉट शोधतात. धुळ्याहून जळगावला जाताना दोन्ही अंगांना गाड्यांची रांग दिसते आणि वाटतं, यातल्या शंभरात एक जरी थांबली तरी धंदा झाला. हिशेब इथेच चुकायला सुरुवात होते. समोरून किती गाड्या जातात याने चार्जिंगची जागा ठरत नाही. तिथे थ्री फेज वीज चोवीस तास पुरेशा दाबाने मिळते का आणि माणूस तिथे पाऊण तास स्वतःहून थांबेल का, या दोन प्रश्नांवर ती ठरते. दोन्हीची उत्तरं 'हो' आली, मगच रस्त्याकडे बघा.

परवान्याची धास्ती नको. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी केला. तेव्हापासून स्टेशन कोणीही टाकू शकतो. नियम आणि मानकं पाळावी लागतात, एवढंच.

आधी कागदावर: रोज किती गाड्या लागतील?

जागा बघायला निघण्याआधी हा आकडा खिशात हवा. उदाहरण म्हणून ६० किलोवॅटचा, दोन गनचा (गाडीला लावायचे दोन प्लग), सीसीएस-२ (इलेक्ट्रिक कारचा जलद चार्जिंगचा प्लग) डीसी चार्जर धरू. चार्जर, पॅनल, केबल, फाउंडेशन, शेड आणि वीजजोडणी मिळून १५ लाख रुपये लागले असं समजा. खालचे दर फक्त हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत, तिथे तुमचे खरे आकडे घाला.

गिऱ्हाईक युनिटला २० रुपये देतो. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या हातात १६ रुपये ९५ पैसे येतात. वीज सगळे आकार धरून ९ रुपयांना पडली, तरी चार्जरमध्ये पाच-सहा टक्के उष्णतेत जातात, म्हणून विकलेलं युनिट तुम्हाला ९ रुपये ६० पैशांना पडतं. ॲप आणि पेमेंटवाल्यांचे १० टक्के, म्हणजे १ रुपया ७० पैसे. उरले ५ रुपये ६५ पैसे.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. जागेचं भाडं १०,०००, डिमांड चार्ज ५,०००, चार्जरच्या नेटचं सिम, देखभाल आणि विमा ६,०००, लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या पगारातला वाटा ८,०००. झाले २९,०००. पूर्ण १५ लाख ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले असतील तर हप्ता सुमारे २५,७००. एकूण ५४,७०० रुपये. त्याला ५.६५ ने भागा: महिन्याला सुमारे ९,७०० युनिट, रोजचे ३२३. एक गाडी सरासरी २० युनिट घेते असं धरलं तर रोज सोळा गाड्या आल्या तेव्हा कुठे खर्च निघतो, नफ्याचं नाव अजून नाही. कर्ज नसेल तर आठ-नऊ गाड्यांवर भागतं.

ही सोळा गाड्यांची ओळ नीट लक्षात ठेवा. पुढे बघायच्या प्रत्येक जागेला हाच एक प्रश्न विचारायचा आहे. डिमांड चार्ज मंजूर भारावर लागतो, गाडी येवो न येवो. म्हणून 'पुढे वाढेल' या आशेवर पहिल्या दिवशी १२० किलोवॅट मागणारे बिलातच बुडतात. भार ६० चा घ्या, पण केबलची चारी आणि पॅनलमधली जागा १२० ची ठेवा.

मग प्लॉटपासून डीपीपर्यंत चाला

खान्देशात सगळ्यात जास्त जागा इथे बाद होतात. गावाबाहेर हायवेलगतच्या बऱ्याच प्लॉटशेजारी जी डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) दिसते ती शेतीच्या फिडरवरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवरची) असते. तिच्यावर थ्री फेज दिवसातून आठ-दहा तासच, पाळीपाळीने मिळते. काही भागांत आता सौर कृषी वाहिनीमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. शेतकऱ्याची त्याने मोठी सोय झाली, पण तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी सात ते दहा जेवायला थांबतं आणि नेमकं तेव्हाच थ्री फेज गायब. तुम्हाला गावठाण फिडर (गावातल्या घरा-दुकानांची लाइन) हवा. औद्योगिक किंवा एक्स्प्रेस (थेट, फाटे नसलेला) फिडर जवळून जात असेल तर सोन्याहून पिवळं. अवधान, नरडाणा किंवा जळगाव एमआयडीसीच्या आसपासच्या जागेचा हा मोठा फायदा आहे.

फिडर ओळखायला इंजिनिअर लागत नाही. डीपीच्या खाली उभे राहून बघा: आजूबाजूच्या खांबांवरून विहिरी-बोअरकडे वायर गेल्यात का, पंपांच्या स्टार्टरच्या पेट्या दिसतात का? शेजारचा ढाबा रोज संध्याकाळी जनरेटर लावतो का? शेवटी त्या भागाच्या वायरमनला विचारा आणि महावितरणच्या उपविभागातून फिडरचं नाव लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल साहेब' यावर इसार देऊ नका.

पुढे डीपीची क्षमता. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ६३, १०० किंवा २०० केव्हीए असं लिहिलेलं असतं. साठचा चार्जर पूर्ण भाराने चालताना सुमारे ६५ केव्हीए ओढतो, म्हणजे दर फेजला साधारण ९० अँपिअर. १०० केव्हीएची डीपी दर फेजला १३० अँपिअरच्या आसपासच देऊ शकते. तिच्यावर आधीच अर्धं गाव असेल तर तुमची जोडणी तिथे बसणार नाही. नवा ट्रान्सफॉर्मर, नवे खांब आणि त्यांचा खर्च डिमांड नोटमध्ये (महावितरणच्या मागणीपत्रात) येईल. भार शंभर-दीडशे किलोवॅटच्या पुढे न्यायचा असेल तर ११ केव्हीची उच्चदाब जोडणी, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी असा सगळा बारदाना लागतो. नवख्याने पहिल्या स्टेशनला त्या वाटेला जाऊ नये.

व्होल्टेज एकदा मोजून भागत नाही. दुपारी दोन वाजता मीटर ४१५ दाखवतो, सगळे खूष. तीच जागा डिसेंबरात, रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत, संध्याकाळी साडेसातला मोजली तर ३६० च्या आसपास येऊ शकते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तर पंप वर्षभर चालतात. चार्जरच्या माहितीपत्रकात इनपुट व्होल्टेजची खालची मर्यादा दिलेली असते. बहुतेक वेळा ४१५ च्या १० किंवा १५ टक्के खाली, म्हणजे ३७३ किंवा ३५३. त्याखाली गेलं की चार्जर बंद. गिऱ्हाईकाला 'महावितरणचा प्रॉब्लेम' दिसत नाही, त्याला तुमचा चार्जर बंद दिसतो आणि ॲपवर एक तारा पडतो. शेजारच्या दुकानात आठ दिवस व्होल्टेज नोंदणारा मीटर लावा. भाड्याने मिळतो. तेवढा खर्च करणारे फार थोडे, आणि रडणारे बरेच.

डीपीपासून चार्जरपर्यंतचं अंतर १०० मीटरच्या आत ठेवा. ७० चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम आर्मर्ड केबलवर ९० अँपिअरला १०० मीटरमागे सुमारे ८-९ व्होल्ट पडतात. तेवढं चालतं. ३०० मीटर झालं की पंचवीस व्होल्ट गेले आणि केबलचा खर्चही तिप्पट.

हिरव्या पाट्या मोजा

वीज बसली, आता गाड्या. इलेक्ट्रिक गाडीची नंबर प्लेट हिरवी असते, हे तुमच्या फायद्याचं आहे. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे भाड्याची. एक मुलगा खुर्ची टाकून बसवा, हातात वही द्या. तीन दिवस पुरेत: एक मधला वार, एक शनिवार, एक रविवार. वेळा सकाळी ७ ते १०, दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ६ ते १०. वहीत चार रकाने आखा: दिशा, पांढरी की पिवळी अक्षरं, राज्याची अक्षरं आणि गाडी थांबली का.

राज्याचा रकाना सगळ्यात बोलका आहे. एमएच १९ ची गाडी जळगावातच राहते, रात्री घरीच चार्ज होते, ती तुमच्याकडे क्वचित येईल. जीजे, एमपी, एमएच १२ (पुणे) आणि एमएच १५ (नाशिक) या गाड्या घरापासून लांब आल्या आहेत, त्यांना चार्जिंग लागणारच. सुरत ते धुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, नाशिक ते धुळे साधारण १५५. चाळीस युनिटच्या बॅटरीची गाडी हायवेला एसी लावून प्रत्यक्षात दोनशे-अडीचशे चालते. नाशिकहून धुळ्याला आलेला माणूस थांबणार नाही, पण नाशिकहून इंदूरला निघालेल्याला धुळे-शिरपूरच्या टप्प्यात थांबावंच लागतं. म्हणजे गाडी कुठून आली यापेक्षा ती शेवटी कुठे जाणार, यावर तुमचं गिऱ्हाईक ठरतं.

शहरातल्या जागेसाठी वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर धुळे (एमएच १८), जळगाव (एमएच १९), नंदुरबार (एमएच ३९) अशी आरटीओनिहाय आणि इंधननिहाय नोंदणी फुकट दिसते. त्यात एक सावधगिरी: इलेक्ट्रिकचा आकडा मोठा दिसला तरी त्यात दुचाकी आणि ई-रिक्षा किती आहेत ते वेगळं काढा. त्यांना तुमचा साठचा चार्जर उपयोगाचा नाही.

घाटाच्या पायथ्याचा हिशेब

खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारा मोठा रस्ता खोऱ्यातून बाहेर पडताना चढतो. चढणीला बॅटरी झपाट्याने उतरते, उताराला थोडी परत भरते. इंदूरकडे जाणारा शिरपूर सोडल्यावर सेंधव्याच्या घाटाला लागतो, छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा चाळीसगाव सोडल्यावर औट्रम घाटाला. घाटाआधीचं शेवटचं मोठं गाव म्हणून या दोन्ही ठिकाणी ड्रायव्हर बॅटरीचा काटा बघतोच.

पश्चिमेला उलटं. सुरतकडून येणारी गाडी कोंडाईबारीचा घाट चढून वर येते, तोवर तिचे दीडशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात. त्यामुळे दहिवेल-साक्रीच्या पट्ट्यात धुळ्याकडे जाणाऱ्या बाजूची जागा घ्यावी. समोरच्या बाजूची गाडी उताराला लागणार असते, तिला घाई नसते. चौपदरी रस्त्यावर दुभाजक तुमचं अर्धं गिऱ्हाईक कापतो, म्हणून कोणती बाजू घ्यायची हे विचार करूनच ठरवा. पुढचा यू-टर्न दोन किलोमीटरवर असेल तर पलीकडची गाडी येत नाही हे धरूनच चाला.

बाह्यवळणाचंही बघा. जळगावला पाळधी ते तरसोद बाह्यवळण झालं की लांबची गाडी शहरात शिरायचं कारण उरत नाही. जुन्या रस्त्यावरचा प्लॉट आज गजबजलेला दिसतो म्हणून दहा वर्षांचा करार करून बसू नका. महामार्ग प्राधिकरणाच्या स्थानिक कार्यालयात मंजूर आखणीचा नकाशा बघायला मागा.

चाळीस मिनिटं माणूस काय करेल?

डिझेल पाच मिनिटांत भरून होतं, इथे ३५ ते ५५ मिनिटं जातात. दोन्ही गन लागल्या की साठचे तीस-तीस होतात आणि वेळ आणखी वाढतो. शेवभाजी-भाकरी सांगून, जेवून, हात धुऊन, चहा घेऊन उठायला पाऊण तास सहज लागतो. म्हणून चालता ढाबा किंवा हॉटेल हा आपल्याकडचा उत्तम जोडीदार. फक्त तीन गोष्टी रात्री अकरा वाजता जाऊन तपासा: बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह, गनजवळ उजेड, आणि कुटुंब निवांत बसेल असं वातावरण. रात्री दारूचा अड्डा होणाऱ्या ठिकाणी दिवसा कितीही गर्दी असली तरी सोळा गाड्या होत नाहीत.

देवस्थानं आणि सहलीची ठिकाणं मोहात पाडतात. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात मंगळवारी गर्दी उसळते, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दत्तजयंतीच्या सुमारास माणूस मावत नाही. पण हप्ता महिन्याचे तीसही दिवस चालू असतो. आठवड्यातला एक वार किंवा वर्षातला एक पंधरवडा असलेल्या जागी डीसी चार्जर टाकू नका. पद्मालय, पाटणादेवी, तोरणमाळ इथे लोक दोन-चार तास किंवा मुक्कामी राहतात. तिथे ७.४ किलोवॅटचे दोन टाइप-२ एसी पॉइंट (कार सावकाश चार्ज करणारे) पुष्कळ झाले. खर्च लाखा-दोन लाखांत आटोपतो, आणि एकेक पॉइंट सिंगल फेजवर चालतो.

शहरात उलटा विचार करा. धुळ्यातल्या देवपूरच्या बंगलेवाल्याला तुमची गरज नाही. पिवळ्या अक्षरांच्या गाडीवाल्याला आहे: माल पोचवणारे छोटे टेम्पो, टॅक्सी. त्यांची दुपारची सुटी कुठे होते ते शोधा, बाजार समितीजवळ, ट्रान्सपोर्टच्या गोदामांजवळ. भुसावळ किंवा नंदुरबारला स्टेशनजवळ ई-रिक्षांचा धंदा बघताय तर तो वेगळाच आहे: रात्रभराचं पार्किंग, १५-१६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), भाडं रात्रीवर. लेड ॲसिड बॅटऱ्या बंद खोलीत चार्ज करू नका, त्यातून हायड्रोजन निघतो.

जमीन, ऊन, रेंज

काळ्या कसदार जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. साडेतीनशे-चारशे किलोचा चार्जर वरवरच्या ओट्यावर ठेवला तर दुसऱ्या वर्षी तो कलतो आणि केबलच्या ग्लँडवर (केबल आत शिरते तिथल्या पकडीवर) ताण येतो. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणा, मुरूम-खडीचा भराव दाबून मग आरसीसी. ओटा जमिनीपासून निदान दीड फूट वर. अर्थिंगचे दोन स्वतंत्र खड्डे घ्या आणि त्यांचा अर्थ रेझिस्टन्स मे महिन्यात मोजा. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये व्होल्टेज आलं की गाडी चार्जिंग घ्यायलाच नकार देते, स्क्रीनवर अर्थ फॉल्ट दिसतो आणि लोक चार्जरच्या कंपनीला शिव्या देतात.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. चार्जर किती तापमानापर्यंत पूर्ण ताकद देतो, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. 'पन्नासला चालतो' आणि 'पन्नासला पूर्ण साठ देतो' यांत फार फरक आहे. वर पत्र्याची उंच शेड हवी. हवा ज्या बाजूने आत ओढली जाते ती बाजू पश्चिमेला नको, आणि धुळीचा फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडायचा.

मोबाइलची रेंज दोन कंपन्यांची, चार्जर जिथे उभा राहणार त्याच जागी तपासा. नेट गेलं की पेमेंट अडकतं आणि चार्जिंग सुरूच होत नाही.

करार आणि अर्ज

जमीन शेतीची असेल तर अकृषिकचं बघा. राष्ट्रीय महामार्गावरून थेट आत येण्यासाठी प्राधिकरणाची प्रवेश परवानगी लागते. ज्या ढाब्याला ती आधीच आहे तो या बाबतीतही सोयीचा.

जागामालकाशी ठरलेल्या भाड्यापेक्षा युनिटमागे दीड-दोन रुपयांचा वाटा ठरवा. धंदा नसेल तेव्हा तुम्ही वाचता, आणि असेल तेव्हा तोच गाड्या बोलावतो. वाटा ठरला की वरच्या हिशेबातलं भाडं काढा आणि युनिटमागच्या ५.६५ मधून तो वजा करून आकडा पुन्हा मांडा. करार निदान सात वर्षांचा, नोंदणीकृत हवा. चार्जरसमोर दुसरी गाडी उभी राहू देणार नाही, रात्री स्वच्छतागृह उघडं ठेवेल, आणि जागा विकली तरी करार पुढच्या मालकावर बंधनकारक राहील, ही तीन कलमं सोडू नका. पहिल्या कलमावरून रोज भांडण होतं. जेवायला आलेली बोलेरो नेमकी सावलीत, म्हणजे तुमच्या शेडखालीच लागते.

जोडणी स्वतःच्या नावाने आणि इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगच्या वर्गवारीत घ्या. ढाब्याच्या व्यावसायिक मीटरवरून सबमीटर काढलात तर महागडा दर पडतो आणि ढाब्याचं बिल थकलं की तुमचीही वीज जाते. २०२४ च्या सुधारित ग्राहक नियमांनुसार नवी जोडणी नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे, पण नवे खांब किंवा ट्रान्सफॉर्मर लागत नसतील तरच. लागत असतील तर महिने मोजा, आणि भाडं जोडणी मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होईल असं करारात आधीच लिहा.

दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, असा वेळेनुसार दर लागू असतो. तुमची बरीचशी विक्री संध्याकाळची असेल तर वरच्या हिशेबात विजेचा दर एक रुपया वाढवून सोळाचा आकडा पुन्हा काढा. तो एकोणीसच्या पुढे जातो. वहीतल्या हिरव्या पाट्यांच्या 'थांबली' रकान्यात तेवढ्या खुणा तीन दिवसांत एकदाही दिसल्या नसतील, तर आधी साठऐवजी तीसचा चार्जर लावून वर्षभर बघा. ओटा आणि चारी साठचीच करून ठेवा.